नवं-जुनं करताना
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मार्च जवळ आला की पत्रांचा सूर एकच होतो. कुणाचा भाडेपट्टा संपतोय, कुणाचा विमा, कुणाचं गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचं नवं-जुनं (जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं) राहिलंय. या वेळी आलेली पत्रं पुढ्यात मांडून बसले तेव्हा जाणवलं, की प्रत्येकाला विचारायचं आहे ते एकच: पुन्हा कागद केला की जुनं चालू राहतं, की जुनं संपून नवं सुरू होतं? भाऊसिंगजी रोडला वडिलांच्या शेजारी बसून दस्त लिहायला शिकले तेव्हापासून मी लोकांना हेच सांगत आले आहे. सही करायच्या आधी हा प्रश्न विचारा. भांडणं कागद नसल्यामुळं होतात त्याहून जास्त, कागद कुठल्या जातीचा आहे हे न कळल्यामुळं होतात.

महाद्वार रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे. जागा भाड्याची. वडिलांनी केलेला वीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा मे अखेर संपतो. त्यात ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार आणखी दहा वर्षांसाठी नूतनीकरण करता येईल’ असं कलम आहे. मालकांचा मुलगा म्हणतो, “भाडं देत ऱ्हावा की, आपोआप होतंय सगळं.” होतं का?
— एक व्यापारी, महाद्वार रोड

नाही दादा, आपोआप होत नाही. मालकांचा मुलगा मनानं चांगला असेल, पण तुमच्या दहा वर्षांचा भरवसा त्याच्या स्वभावावर ठेवू नका.

भाडेपट्ट्यात दोन गोष्टी असू शकतात. एक मुदतवाढ, दुसरं नूतनीकरण. मुदतवाढ म्हणजे जुनाच पट्टा पुढं लांबतो. नूतनीकरण म्हणजे जुना पट्टा संपतो आणि नवा जन्माला येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच हा फरक स्पष्ट केलेला आहे. तुमच्या कलमात ‘नूतनीकरण’ आहे. म्हणजे तुम्हाला आज मिळालेला आहे तो फक्त मागण्याचा हक्क. तो वापरावा लागतो, तोही मुदत संपायच्या आत आणि कलमात जी रीत लिहिली असेल त्याच रीतीनं. तीन महिने आधी लेखी कळवायचं लिहिलं असेल तर तीन महिने आधीच कळवा. मे अखेरची मुदत असेल तर आजच कॅलेंडर बघा.

समजा तुम्ही काहीच केलं नाही आणि जूनपासून भाडं देत राहिलात, मालकानंही घेतलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणं तुमचा ताबा बेकायदा ठरत नाही, पण दुकानाच्या बाबतीत तो महिन्या-महिन्याचा होऊन बसतो. दहा वर्षांची गोष्ट तिथंच संपते. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण तुमच्या जागेला असेल तर मालक तुम्हाला उद्या उठवू शकणार नाही, ते खरं. पण ते संरक्षण वेगळं आणि ठरलेल्या भाड्यात दहा वर्षं निर्धास्त धंदा करण्याचा हक्क वेगळा. व्यापाऱ्याला दुसरा जास्त लागतो. बँक कर्ज देताना पट्टाच बघते.

तेव्हा एक पत्र लिहा. ‘अमुक तारखेच्या, अमुक दस्त क्रमांकाच्या भाडेपट्ट्यातील अमुक कलमान्वये आम्ही नूतनीकरणाचा हक्क बजावत आहोत’, एवढं वाक्य पुरतं. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. वडील हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या त्या पत्रावर हव्यात. एकट्या थोरल्या भावानं सही केली आणि पुढं धाकट्याचा आणि मालकाचा सूर जुळला, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. आणि कलमात पुढच्या दहा वर्षांचं भाडं किती किंवा कसं ठरवायचं हे लिहिलेलं नसेल, तर वकिलांना आधी भेटा. भाड्याचा आकडा मोकळा ठेवलेलं कलम न्यायालयात टिकवणं अवघड जातं.

त्यानंतर नवा दस्त करा आणि तो नोंदवा. जुन्या दस्ताच्या पाठीमागं ‘मुदत वाढवली’ असं लिहून दोघांनी सह्या करण्याची पद्धत आपल्याकडं फार आहे. वडिलांकडं संस्थानकाळातले मोडीतले पट्टे यायचे, त्यांच्या पाठीवर अशा ओळींवर ओळी असत. त्या काळी ते चाललं. आता दहा वर्षांच्या पट्ट्यासाठी चालत नाही.

राजारामपुरीत भाड्यानं राहतो. अकरा महिन्यांचा करार संपला. घरमालक म्हणतात, “साध्या स्टॅम्पवर लिहून घेऊया, रिन्यू म्हणून.” भाडं ९,००० आणि अनामत ५०,००० आहे. चालेल का?
— एक नोकरदार, राजारामपुरी

चालत नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार प्रत्येक वेळी नवा असतो आणि प्रत्येक वेळी नोंदवावा लागतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नाही, या समजुतीतून अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे २००० सालापासून, मुदत कितीही असो, कलम ५५ प्रमाणं नोंदणी सक्तीची आहे. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे त्यांना शांतपणे सांगा, ते स्वतःहून तयार होतील.

खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. तुमच्या आकड्यांना ते तीनशेच्या आसपास जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा जवळ असला की घरबसल्या.

आम्ही करवीर तालुक्यातले. माझे मालक त्यांच्या चुलतभावाच्या पीककर्जाला सोसायटीत जामीन आहेत. गेल्या वर्षी चुलतदिरांनी नवं-जुनं केलं. आता त्यांचं थकलंय आणि सोसायटीची नोटीस आमच्या घरी आलीय. नवं-जुनं झालं म्हणजे जुनं फिटलं ना? मग आमचा जामीन सुटला नाही का?
— एक भगिनी, करवीर तालुका

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्या किती बायका नोटीस पदराखाली धरून दस्तलेखकाच्या टेबलापर्यंत येतात आणि तिथं येईपर्यंत घरात कुणी त्यांना काय झालंय ते सांगितलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नवं-जुनं म्हणजे काय ते बघू. सोसायटीचं पीककर्ज ठरलेल्या मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज जवळजवळ माफ होतं. केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून २०२१-२२ पासून तो दर शून्यावर आलेला आहे. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून शेतकरी काय करतो, तर मुदतीच्या आत जुन्या कर्जाचा भरणा करतो आणि लगेच नवं कर्ज उचलतो. ऊसबिल हातात आलं असेल तर भरणा खरा होतो, बहुतेक वेळा कारखान्याकडूनच बिलातून कापून सोसायटीत जातो. पण बिल अडकलं असेल तर भरणा हातउसन्या पैशानं होतो, कधी नुसता कागदावर होतो. पुस्तकात कर्ज ताजं दिसतं आणि शिवारात देणं तेवढंच राहतं.

आता तुमचा जामीन. तीन शक्यता आहेत आणि तुमची कुठली हे सोसायटीच्या दप्तरातच कळेल.

जुनं कर्ज भरून खातं बंद झालं, नवा कर्जरोखा झाला आणि त्या नव्या रोख्यावर तुमच्या मालकांची सही नाही, तर जुन्या कर्जाचा जामीन संपला. नव्याशी त्यांचा संबंध नाही. तसं असेल तर नोटिशीला लेखी उत्तर द्या, तोंडी नको.

नव्या रोख्यावर सही असेल, तर जामीन पुरता लागू आहे. “नुसती नवं-जुनंची सही हाय, काय न्हाई हुईत” असं म्हणून सचिवानं किंवा भावकीतल्या कुणी सही घेतली असेल तरी.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त आढळते. पहिल्याच वेळी जो जामीनकतबा, म्हणजे जामिनाचा लेखी कागद, झाला त्यात ‘मंजूर मर्यादेतील वेळोवेळी होणाऱ्या सर्व उचलीस’ अशा अर्थाची ओळ असते. तिला चालू हमी म्हणतात. ती असेल तर दर वर्षीच्या नव्या उचलीलाही जामीन धरला जातो. पण ही हमी कायमची नसते. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणं जामीनदार लेखी नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरती ती मागे घेऊ शकतो. झालेल्या उचलीची जबाबदारी राहते, पुढची थांबते. ही गोष्ट गावात कुणी जामीनदाराला सांगत नाही.

आणखी एक. सोसायटीनं तुमच्या मालकांना न विचारता चुलतदिरांना मुदत वाढवून दिली असेल, हप्ते बदलून दिले असतील, तर कलम १३५ जामीनदाराच्या बाजूनं आहे. छापील कतब्यात अशा बदलाला आधीच संमती लिहून घेतलेली असते, म्हणून तो कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय आशा धरू नका.

सोसायटीकडं लेखी अर्ज करून तीन नकला मागा: जुन्या कर्जाच्या भरण्याची नोंद, नवा कर्जरोखा आणि जामीनकतबा. मालकांना बरोबर न्या, अर्ज त्यांच्या सहीनं द्या आणि पोच घ्या. चुलतदिरांशी बोलणं तोडू नका. भावकीतलं देणं कागदानं निम्मं सुटतं, उरलेलं बोलून सुटतं.

आणि ज्यांचं यंदाचं नवं-जुनं व्हायचं आहे त्यांना एक हिशेब. दोन लाखांच्या कर्जावर सवलत गेली तर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज १४,००० रुपये. तीच सवलत वाचवायला खासगी माणसाकडून शेकडा चार रुपये महिना दरानं दोन लाख घेतले आणि नवं कर्ज मिळायला दोन महिने लागले, तर १६,००० रुपये गेले. भरणा करायच्या आधी नवी मंजुरी कधी होणार ते सोसायटीत लेखी विचारा. आणि विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते.

आमच्या तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवायचा (बुडख्यांतून पुन्हा पीक घ्यायचं) की रान मोडून नवी लावण करायची, यावरून वडिलांशी वाद होतोय. तुमचा विषय कागदांचा, पण ‘जुन्याचं नवं’ म्हणून विचारतो.
— एक तरुण शेतकरी, कागल तालुका

तुझं पत्र मी आमच्या धाकट्या दिरांना वाचून दाखवलं. ते भोगावतीकाठी शेती करतात आणि त्यांचा खोडवा लावणीच्या बरोबरीनं वजन देतो. त्यांचं म्हणणं असं.

पहिला प्रश्न, ऊस तुटला कधी? १५ फेब्रुवारीच्या आत तुटला असेल तरच खोडवा ठेवावा. उशिरा तुटलेल्या उसाचे फुटवे उन्हात सापडतात. दुसरा प्रश्न, लावणीत काणी किंवा गवताळ वाढ दिसली होती का? दिसली असेल तर रान मोडायचं. रोग बुडख्यातच बसलेला असतो आणि फुटव्याबरोबर वर येतो. वडिलांना या दोन गोष्टी विचार, वाद निम्मा मिटेल.

ठेवायचा ठरला तर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवू नको. तोडकरी निघून गेले की बुडख्यावरचं पाचट बाजूला सरीत ओढायचं आणि उभे राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे. दीर यासाठी पाठीमागं फिरतात, गड्यावर सोडत नाहीत. बुडखा बोटभर जरी वर राहिला तरी वरचा डोळा आधी फुटतो, तो कोंब जमिनीच्या वर लटकतो, त्याला स्वतःची मुळं नीट धरत नाहीत आणि ऊस पावसाळ्यात लोळतो. जमिनीलगत छाटलं की खालचे डोळे जागे होतात आणि कोंब मातीतून सरळ वर येतो. वरून पान जुन्याच उसाचं दिसतं, पण खाली त्यानं आपली नवी मुळं केलेली असतात. जुनी मुळं हळूहळू कुजून जातात. म्हणून खत वरून विसकटून उपयोग नाही, पहारीनं भोकं घेऊन बुडख्याजवळ द्यायचं.

सरीतल्या पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं. नांग्या, म्हणजे कोंब न फुटलेल्या मोकळ्या जागा, भरायला रोपं आधीच करून ठेवायची. अशा मोकळ्या जागा जास्त पडल्या असतील, तर मात्र वडिलांनी कितीही सांगितलं तरी नवी लावणच कर.

आमच्या पेठेतलं देऊळ जुनं, दगडी आणि सागवानी खांबांचं आहे. तरुण मंडळानं ‘जीर्णोद्धार’ म्हणून पावतीपुस्तक छापलंय. प्रत्यक्षात सगळं पाडून आरसीसी करायचं, फरशी घालायची असा बेत आहे. आमच्या घरची पहिली वर्गणी मोठी मागतात. द्यावी का?
— एक ज्येष्ठ वाचक, शिवाजी पेठ

काका, वर्गणी द्या, पण दोन गोष्टी बघून.

पहिली कागदाची. देवस्थानाचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पावतीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा आणि विश्वस्तांचा ठराव हवा. ट्रस्ट नसताना मंडळ पैसे गोळा करत असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणं धर्मादाय कार्यालयाला कळवणं भाग आहे. गणपतीच्या वर्गणीला मंडळं ही परवानगी काढतात, त्यांना ती वाट माहीत आहे.

दुसरी गोष्ट कामाची, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. जीर्णोद्धार म्हणजे जे झिजलंय त्याला वर काढणं. जे टिकलंय ते ठेवून. सागवानी खांब खालून कुजला असेल तर तेवढा बुंधा कापून नवं लाकूड सांधता येतं, आपल्या सुतारांना ते येतं. काळ्या दगडाची भिंत चुन्यात बांधलेली असेल तर तिला सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं, मग पाणी दगडाच्या सांध्यात बसतं आणि चार पावसाळ्यांत भिंत पोटातून सुटते. तेच ऑइलपेंटचं. दगडावर रंग चढवून देऊळ ताजं दिसतं, आत दगड सोलायला लागतो. जुने गवंडी चुना मळायच्या घाणीत गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. आजही संवर्धनाच्या कामात तसा चुना वापरतात. मंडळाच्या पोरांना आरसीसीचा ठेकेदार सहज मिळतो, चुन्याचा गवंडी शोधावा लागतो. ते शोधणं हेच खरं काम आहे, आणि पोरं मनावर घेतील तर करतीलही.

त्यांना आपल्याच गावातलं उदाहरण द्या. परकीय आक्रमणाच्या काळात अंबाबाईची मूर्ती लपवून ठेवावी लागली होती. १७१५ साली विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. नवी मूर्ती घडवली नाही, तीच परत आणली. २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं, तेव्हा आधी कलाकर्षणाचा विधी करून देवीचं तेज कलशात घेतलं गेलं आणि काम संपल्यावर मूर्तीत परत. भाविकांनी त्या दिवसांत कलशाचं दर्शन घेतलं. दुरुस्ती चालू असतानाही पूजा खंडित होऊ नये, याची व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. त्याच देवळातलं बुजवलेलं मणिकर्णिका कुंडही अलीकडं उकरून मोकळं केलं, तेव्हा खाली जुनं बांधकाम तसंच होतं. पाडलं असतं तर उकरायला काय उरलं असतं?

पेठेतलं देऊळ लहान आहे म्हणून त्याचा हक्क कमी नाही. वर्गणी देताना पावतीच्या मागं लिहून द्या: ‘दुरुस्तीसाठी’. आणि बैठकीला जा.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही कॉलेजची मुलं रात्री तिथं उभी होतो. आता ते पुन्हा उभारताहेत. पण ते ‘तेच’ असेल का? आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज वाद होतो.
— एक विद्यार्थिनी, उद्यमनगर

बाळ, त्या रात्री निम्मं कोल्हापूर तिथं होतं. ८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती, तयारी झालेली होती. मी माझ्या भाचीबरोबर खासबागेच्या बाजूला उभी होते आणि आमच्या शेजारी एक वयस्कर ऑर्गनवादक भिंतीला टेकून मोठ्यानं रडत होते. त्यांना कुणी आवरत नव्हतं.

शाहू महाराजांनी १९१५ साली उघडलेलं ते पॅलेस थिएटर. एका बाजूला कुस्तीचं खासबाग, पाठीला पाठ लावून नाटकाचं थिएटर, दोन्ही सामान्य रयतेसाठी. ही कल्पना महाराजांची, आणि माझ्या मते नाट्यगृह ‘तेच’ आहे की नाही याची परीक्षा इथं आहे. जळालेलं सागवान परत येत नाही. जे उभं राहील ते बांधकाम नवं असेल आणि ते नवं आहे असं म्हणायला कुणी संकोच करू नये. ‘हुबेहूब जुनं’ असा आग्रह धरून आत मात्र प्रेक्षकाला नीट ऐकू येत नसेल, तर तो केशवरावांचा अपमान होईल. माइक नसताना तो माणूस शेवटच्या रांगेपर्यंत गायला. १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी गेला, एकतिसाव्या वर्षी.

मला विचारशील तर तीन गोष्टी टिकल्या की ते नाट्यगृह चालू आहे असं मी मानेन. आवाज: रंगमंचावरचा साधा उच्चार मागच्या रांगेला पोचला पाहिजे. भाडं: गावातल्या हौशी संस्थेला, तुमच्यासारख्या कॉलेजच्या ग्रुपला ते परवडलं पाहिजे. आणि खासबागेशी असलेला शेजार मोडता कामा नये. पहिली गोष्ट वास्तुतज्ज्ञांच्या हातात आहे, बाकीच्या दोन तुमच्या. महापालिका भाड्याचे दर ठरवेल तेव्हा हरकती मागवते का याकडं लक्ष ठेवा, निवेदन द्या, सह्या गोळा करा. पडदा उघडायच्या आधी बोललात तर ऐकतात.

आणि वाद घालता आहातच, तर त्यासोबत एक काम करा. विंगेत उभं राहिलेली, मेकअप करणारी, पडदा ओढणारी माणसं गावात आहेत. त्यांच्याकडं जा आणि रेकॉर्ड करून घ्या: प्रॉम्प्टर कुठं बसायचा, प्रकाशाची पेटी कुठं होती, कुठल्या खुर्चीवरून रंगमंच कापला जायचा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चालत आलेल्या संस्थेत त्याची प्रत ठेवा.

थोडक्यात उत्तरं

आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता वीस दिवस उशिरा भरला, असं विचारणाऱ्या जवाहरनगरच्या आजींना: तीस दिवसांच्या सवलतीच्या काळात भरलात, त्यामुळं तुमची सलगता टिकली. आधीच्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणार नाही. मात्र त्या वीस दिवसांत काही उपचार झाले असतील तर त्यांचा दावा मिळणार नाही. मागच्या वर्षी दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. सलग साठ महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारणही पुढं करता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, पावतीवर तो लावलेला नाही ना ते बघा.

आयुर्विम्याची पॉलिसी दोन वर्षं बंद आहे, असं कळवणाऱ्यांना: ते आता नूतनीकरण नव्हे, पुनरुज्जीवन आहे. पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांच्या आत थकबाकी व्याजासह आणि तब्येतीचं निवेदन देऊन करता येतं. तब्येत बिघडायच्या आत करा.

वाहन परवान्याची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपलेल्या कळंब्याच्या वाचकांना: एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नव्यानं चाचणी लागत नाही. त्यानंतर लागते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत गाडी चालवू नका. मुदतीनंतरचे तीस दिवस पूर्वी चालायचे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालत नाहीत. गाडीचा विमाही संपला असेल तर नव्वद दिवसांच्या आत घ्या, नाहीतर दावा न केल्याची साठलेली सूट जाते.

पासपोर्टचा नंबर का बदलला, असं विचारणाऱ्या बाईंना: कारण पासपोर्टचं नूतनीकरण होत नाही, नवी पुस्तिका मिळते. जुनीत चालू व्हिसा असेल तर दोन्ही बरोबर ठेवा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना मूळ दस्त कृपया पाठवू नका. या महिन्यात एकानं चक्क मूळ खरेदीखत पाकिटात घालून दिलं होतं, ते मी स्वतः जाऊन परत देऊन आले. झेरॉक्स पुरते, आणि तिच्यावर दस्ताची तारीख व क्रमांक स्पष्ट दिसेल असं बघा.